फलत्याग आणि अंगणवाडी

निष्काम कर्माची चर्चा आपल्याकडे बहुधा रणांगणाच्या संदर्भात होते. परंतु फलत्यागाची खरी कसोटी, माझ्या मते, तीन वर्षांच्या मुलाचे नाक पुसणाऱ्या सेविकेच्या ठायी लागते, कारण ज्याच्यासाठी ती झिजते त्याच्या स्मृतीत तिचा चेहराही पुढे उरणार नसतो. अंगणवाडीचेच उदाहरण घ्या: १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली. तेथे अक्षरांआधी आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हीच उपासना ठरली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी, कुरणशाळाही निघाली.

या कामाची नोंद कोणत्या दप्तरात करावी? हजेरीपट मांडता येतो. भय ओसरून मूल प्रथमच दुसऱ्याच्या हाती आपले खेळणे देते, त्या क्षणाचा जमाखर्च मांडता येत नाही. मात्र फलाची आसक्ती सोडणे म्हणजे फलाविषयी बेफिकीर होणे, हा अर्थ (कित्येक सज्जन स्वयंसेवक तो मनाशी धरतात, याचे मला दुःख होते) सर्वथैव अमान्य आहे. मूल आज जेवले का, रडले ते कशाने, ही विचारपूस जिला सुटत नाही, तिने आसक्ती केवळ आपल्यापुरती सोडलेली असते. आणि म्हणूनच तिने मानधन मागितल्यास तिच्या निष्कामतेस बाध येतो, असे मी मानत नाही.