जिंकलेल्या लढाईचा धडा

परळी तालुक्यातल्या धर्मापुरीच्या भुईकोटाची तटबंदी जवळून पाहिली, तर जुन्या मंदिरांचे कोरीव दगड तिच्यात बसवलेले दिसतात. चालुक्यकाळात देवळांनी गजबजलेल्या या गावाला पुढे कोटाची गरज पडली. पश्चिमेला धारूर, दक्षिणेकडे औसा, आग्नेयेला उदगीर अशा किल्ल्यांच्या मधला हा मुलूख. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीचे स्वार देवगिरीवर येऊन धडकले, तेव्हापासून पुढची पाचशे वर्षं दख्खनचं भवितव्य बव्हंशी घोड्याच्या पाठीवर ठरत गेलं.

युद्धाचा इतिहास वाचताना आपण हत्याराच्या प्रेमात पडतो. युरोपात हे भाग्य इंग्रजांच्या लांब धनुष्याला लाभलं. 1346 मध्ये क्रेसीला आणि 1415 मध्ये आझँकूरला फ्रान्सचे चिलखती सरदार या धनुष्यापुढे कोसळले, आणि बाणांनी घोडदळाचं युग संपवलं ही समजूत रूढ झाली. खोलात गेलं की चित्र वेगळं दिसतं. 1545 मध्ये बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढण्यात आलं. त्यात शंभराहून अधिक धनुष्यं मिळाली, माणसाच्या उंचीची किंवा त्याहून लांब. काहींची दोरी पूर्ण ओढायला सत्तर-ऐंशी किलोंचा जोर लागला असावा. असा जोर ऐन जवानीत भरती होऊन येत नाही, तो पोरवयापासून अंगात मुरवावा लागतो. म्हणूनच तिसऱ्या एडवर्डने 1363 मध्ये सणासुदीच्या दिवशी धनुर्विद्येचा सराव सक्तीचा केला. धनुष्यामागे असं अख्खं गाव उभं होतं. आझँकूरला त्याच्या जोडीला नांगरलेलं, पावसाने भिजलेलं शेत होतं, दोन्ही बाजूंना झाडी होती आणि तिरंदाजांपुढे टोकदार खुंट रोवलेले होते.

या विजयाने इंग्रजांना विश्वास दिला, आणि त्याच विश्वासाने पुढे घात केला. 18 जून 1429 रोजी पाते इथे तिरंदाजांचे खुंट रोवून व्हायच्या आतच फ्रेंच घोडेस्वार त्यांच्यावर तुटून पडले. जवळून एक हरीण उधळलं, इंग्रज सैनिकांनी आरोळ्या ठोकल्या आणि त्यामुळे त्यांचा ठावठिकाणा फ्रेंचांना कळला, असं तेव्हाचे वृत्तांतकार सांगतात. धनुष्यं तीच होती, तिरंदाजही त्याच परंपरेतले होते. हाती नव्हती ती तयारीची सवड.

लढाई हत्यार जिंकतं की त्यामागची तयारी, हा प्रश्न मला आपल्या मातीत अधिक टोकदार वाटतो. मराठ्यांचं घोडदळही समाजातून उभं राहिलं होतं. भीमथडीचं काटक तट्टू थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारी. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तो मेला तर पोटापाण्याचं साधन गेलं. असा स्वार तोफेच्या तोंडी विनाकारण घोडा घालत नाही. तो शत्रूची रसद तोडतो, पाणवठा अडवतो, मागे सरतो, पुन्हा येतो. 1728 मध्ये पहिल्या बाजीरावाने ही पद्धत कळसाला नेली. निजाम पुण्यात शिरला तरी बाजीराव पुणे सोडवायला धावला नाही. त्याने निजामालाच मागे फिरायला लावलं, जड तोफखान्यापासून तोडलं आणि फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ दाणापाणी बंद करून कोंडलं. मुंगी-शेवगावचा तह झाला तो मोठी लढाई न होता. माझ्या मते दख्खनी घोड्याने शिकवलेला हा सर्वांत मोठा विचार. शत्रूला मारण्याआधी त्याला भुकेला करायचं.

बत्तीस वर्षांनी या विचाराला दुसरा फाटा फुटला. सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी आणि तोफा सोबत घेतल्या आणि 1760 च्या आरंभी उदगीर-औशाच्या टापूत निजामअली व सलाबतजंग यांना गाठलं. निजामाची फौज धारूरकडे सरकू पाहत होती, तिकडे तिची कुमक होती. वाटेतच तोफांचा मारा आणि घोडदळाचा वेढा एकदम बसला. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगडासारखे किल्ले पदरात पडले. तोफ आणि घोडा हातात हात घालून चालले की कुणीही टिकत नाही, हा धडा भाऊंनी घेतला. तो खोटा नव्हता. पण उदगीर घरच्या अंगणात जिंकलं होतं. दाणावैरण जवळ होती, वाटा ओळखीच्या होत्या आणि शत्रू अर्धवट फुटलेला होता, हे त्या धड्यात राहून गेलं.

वर्षही उलटलं नाही तोच भाऊ पानिपतावर तोफखाना रोवून बसले. तोफांच्या पल्ल्याआड छावणी सुरक्षित होती, पण जागची हलत नव्हती. अब्दालीच्या स्वारांनी वाटा रोखल्या, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, घोडे आणि माणसं उपासमारीने खंगली. पालखेडला आपण निजामाचं जे केलं, तेच आपल्या वाट्याला आलं. 14 जानेवारी 1761 च्या सकाळी गारद्यांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी खिळखिळी केली, तेव्हा काही मराठा पथकं धीर सुटून गारद्यांच्या पुढे घुसली. आपल्याच माणसांमुळे गारद्यांचा मारा अडला. घोडदळ आणि पायदळाने एका तालावर लढायची सवय एका उदगीरने लागत नाही, जशी दोरी ओढायची ताकद एका वर्षात येत नाही.

पानिपताने मराठ्यांचं घोडदळ संपलं असं म्हणणाऱ्यांनी बीड जिल्ह्यातलंच राक्षसभुवन पाहावं. 10 ऑगस्ट 1763, ऐन पावसाळा. निजामअलीची निम्मी फौज गोदावरी ओलांडून गेलेली, उरलेली दिवाण विठ्ठल सुंदरच्या हाताखाली अलीकडच्या तीरावर. माधवराव आणि राघोबा यांनी नेमकी ती वेळ साधली. विठ्ठल सुंदर पडला, आणि पुराच्या पाण्यापलीकडून निजामाला मदतीला येता आलं नाही. नदीचं पाणी, शत्रूची दुभंगलेली फौज आणि वेगाने येणारा स्वार, हे तिन्ही एकाच दिवशी जुळून आले.

शाळेच्या पुस्तकांत उदगीर एका वाक्यात उरकतं आणि पानिपत दुसऱ्या धड्यात येतं. बीड-लातूरच्या इतिहास शिक्षकांना माझी विनंती आहे, की पालखेड, उदगीर, पानिपत आणि राक्षसभुवन ही चार नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मुलांना विचारा: प्रत्येक वेळी दाणापाणी कुणाच्या हातात होतं?