साधेपणाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे मराठी माणूस पूर्वापार म्हणत आला आहे. टंचाईच्या दीर्घ अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे. खिशात दमडी नसताना आणलेला श्रीमंतीचा आव फार काळ टिकत नाही. वाणी उधारी मागायला दारात उभा राहिला की तो गळून पडतो. या म्हणीने उलट शक्यतेचा विचार मात्र केलेला नाही. ज्याच्यापाशी पैसा विपुल आहे त्याला तो नसल्याचे, निदान त्याने काही फरक पडत नसल्याचे, सोंग आणता येते काय? आणि आणले, तर त्यात नैतिकदृष्ट्या वावगे असे नेमके काय असते?

ब्रिटनच्या राजकारणात या प्रश्नाची उदाहरणे मुबलक आढळतात. २३ मार्च २०२२ रोजी तत्कालीन अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी पेट्रोलवरील कर लिटरमागे पाच पेन्सने कमी केला. त्याच वेळी एका लहानशा लाल मोटारीत ते स्वतःच्या हाताने पेट्रोल भरत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. मोटार त्यांची नव्हती. ती तेथील एका कर्मचाऱ्याकडून उसनी घेतली होती, हे लवकरच उघड झाले. पैसे देताना कार्ड कोणत्या यंत्राला लावावे याविषयीचा त्यांचा गोंधळही चित्रफितीत टिपला गेला. त्या वर्षीच्या ‘संडे टाइम्स’च्या धनिकांच्या यादीत सुनक दांपत्याची मालमत्ता सुमारे ७३ कोटी पौंड दाखवलेली होती. पुढे जून २०२४ मध्ये, पंतप्रधान म्हणून निवडणुकीला सामोरे जाताना, लहानपणी आपणांस कशावाचून राहावे लागले, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. पुष्कळ गोष्टींवाचून, असे सांगून त्यांनी उदाहरण दिले ते ‘स्काय’ या पैसे भरून घ्यावयाच्या दूरचित्रवाणी सेवेचे.

सुनक हे या परंपरेतील पहिले नव्हेत. ईटनमध्ये शिकलेले डेव्हिड कॅमेरन आपण अ‍ॅस्टन व्हिला या फुटबॉल संघाचे चाहते असल्याचे सांगत आले होते. २०१५ च्या निवडणुकीच्या धामधुमीत एका भाषणात त्यांच्या तोंडून वेस्ट हॅम या भलत्याच संघाचे नाव निघून गेले. मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन धनिक नव्हते, पण ऑक्सफर्डचे अध्यापक होते. लोकांसमोर त्यांच्या हाती पाइप असे. खाजगीत त्यांना सिगार अधिक प्रिय होता, असे सांगितले जाते.

या प्रसंगांत हसण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी ते हसू पुरेपूर वसूल केले आहे. परंतु उपहास फार लवकर तृप्त होतो. सोंग उघडे पडले एवढ्यावर तो समाधान मानतो. सोंगाची गरज का पडली, हे विचारण्याइतका तो थांबत नाही.

ही गरज अर्वाचीन आहे. जमीनदार उमरावाला आपल्या कुळांसारखे दिसण्याचे कारण नव्हते. त्याचे वेगळेपण हाच त्याच्या अधिकाराचा पाया होता. वॉल्टर बॅजट याने १८६७ मध्ये इंग्लंडच्या राज्यघटनेचे विवेचन करताना या आदरभावाला मध्यवर्ती स्थान दिले, आणि वरिष्ठ वर्गाचे वैभव हे एक नाट्य असून जनता त्यापुढे नमते, असे सुचवले. त्याच वर्षी शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मताधिकार मिळाला. १८७२ मध्ये मतदान गुप्त झाले, १८८४ मध्ये ग्रामीण मजूर मतदार झाला आणि १९२८ पर्यंत सर्व प्रौढ स्त्री-पुरुष समान पातळीवर आले. मत मागावे लागले तेव्हा वैभवाचे नाट्य गैरसोयीचे ठरू लागले. १९६३ मध्ये अ‍ॅलेक डग्लस-होम यांना पंतप्रधान होण्यासाठी आपली चौदाव्या अर्लची पदवी सोडावी लागली. नाट्य संपले नाही. त्याची वेशभूषा तेवढी बदलली.

या वेशभूषेचा सर्वांत खोल विचार शेक्सपिअरने ‘कोरिओलेनस’मध्ये करून ठेवला आहे. रोमचा हा पराक्रमी सरदार कॉन्सलपदासाठी उभा राहतो. रिवाज असा की उमेदवाराने नम्रतेचा साधा झगा घालून बाजारपेठेत उभे राहावे, युद्धातील जखमा दाखवाव्यात आणि नागरिकांकडे कौल मागावा. कोरिओलेनसला हे असह्य होते. तो झगा घालतो, परंतु जखमा दाखवत नाही, आणि मागतो तेही तुच्छतेने. आपण जे नाही ते दिसायचे नाही, हा त्याचा हट्ट पाहून अनेक समीक्षकांना त्याच्या ठायी एक उग्र प्रामाणिकपणा जाणवला आहे. तसा तो आहेही. सोंगाला कंटाळलेल्या आजच्या वाचकाला तर तो विशेष आकर्षक वाटावा.

पण नाटकाचा आरंभ झग्यापासून होत नाही, धान्यापासून होतो, हे विसरता कामा नये. पडदा उघडतो तेव्हा भुकेले नागरिक काठ्या घेऊन रस्त्यावर आले आहेत. सरदारांची कोठारे भरलेली असताना आम्ही उपाशी का, हा त्यांचा प्रश्न आहे. मेनेनियस त्यांना पोट आणि अवयव यांची गोष्ट सांगून शांत करतो, परंतु प्रश्न सुटत नाही. पुढे तोच प्रश्न बाजारपेठेत पोचतो तेव्हा त्याचे रूप पालटलेले असते. आता चर्चा धान्याची उरत नाही. या माणसाने झगा नीट घातला की नाही, तो गोडीने बोलला की नाही, याची होते. वस्तुतः कोरिओलेनसचा दोष सोंग न आणण्यात नाही. भुकेल्यांना उत्तर देणे आपणांवर बंधनकारक आहे, हेच त्याला मान्य नाही, यात आहे. सोंगाचा अभाव म्हणजे सद्गुण नव्हे. उद्दाम माणूसही प्रांजळ असू शकतो.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. साधेपणाचे सोंग वाईट, कारण ते खोटे आहे, असे म्हणणे पुरेसे नाही. त्याने फारसे कोणी फसत नाही. फसवणूक यशस्वी होत नसेल तर तिला फसवणूक म्हणण्यातही अतिशयोक्ती आहे. त्याचा खरा दोष हा की ते धान्याच्या प्रश्नाच्या जागी झग्याचा प्रश्न ठेवते.

२०१२ च्या अर्थसंकल्पाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी गरम विकल्या जाणाऱ्या तयार खाद्यपदार्थांवर वीस टक्के कर प्रस्तावित केला. त्यात मांस-बटाट्याचे सारण भरून भाजलेली पेस्टी येत होती. कामकरी माणसाचे ते दुपारचे स्वस्त खाणे. हा कर न्याय्य आहे काय, असा प्रश्न होता. संसदीय समितीत ऑस्बर्न यांना विचारले गेले ते मात्र हे, की तुम्ही शेवटची पेस्टी कधी विकत घेतली? त्यांना आठवेना. मग पंतप्रधान कॅमेरन यांनी आपण लीड्सच्या स्थानकावर पेस्टी खाल्ल्याचे सांगितले, आणि त्यांनी नाव घेतलेले तेथील दुकान पूर्वीच बंद झाल्याचे निष्पन्न झाले. काही आठवड्यांनी सरकारने माघार घेतली. पण मधल्या काळात देशाने कराची चर्चा किती केली आणि पंतप्रधानांच्या न्याहारीची किती, हे सांगायला नको. या स्थलांतराला राजकारणी जितके जबाबदार, तितकेच प्रश्न विचारणारे आणि तो चवीने ऐकणारे.

सुनक यांच्या बाबतीत हे स्थलांतर काही काळ थांबले, तेही नोंदवले पाहिजे. पेट्रोलच्या त्या छायाचित्रानंतर दोनच आठवड्यांनी, एप्रिल २०२२ मध्ये, त्यांच्या पत्नी अक्षता मूर्ती यांना कायद्याने ‘अनिवासी’ गणले जात असून परदेशी उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरावा लागत नाही, ही बाब प्रकाशात आली. त्यात बेकायदा काही नव्हते. पण त्याच आठवड्यात सामान्य नोकरदाराची राष्ट्रीय विमा वर्गणी सव्वा टक्क्याने वाढली होती, आणि वाढवणारे अर्थमंत्री सुनकच होते. ८ एप्रिलला मूर्ती यांनी यापुढे आपण जगभरच्या उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरू, असे जाहीर केले. येथे कोणी कोणाला तुमची मोटार कोणती, असे विचारले नाही. भार कोण उचलतो, असे विचारले. आणि उत्तर मिळाले.

या सोंगाचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. श्रीमंताला सामान्य माणसाचे सोंग आणायचे तर आधी सामान्य माणसाचे एक चित्र ठरवावे लागते: बिअरचा पेला, फुटबॉल, पेस्टी, लहान मोटार. हे चित्र म्हणजे गरिबाची व्यंगचित्रात्मक नक्कलच होय. कामकरी माणूस विचार करतो, वाचतो, कराचे गणित समजू शकतो, हे त्या चित्रात कोठेच बसत नाही. त्याच्याशी बोलण्यासाठी त्याच्यासारखे दिसले पाहिजे, या समजुतीत त्याच्या बुद्धीचा अवमान दडलेला आहे. खऱ्या गोष्टीचेही यात सोंग होऊन जाते. केअर स्टार्मर यांचे वडील कारखान्यात अवजारे घडवणारे कारागीर होते, हे सत्य. परंतु ते इतक्या वेळा सांगितले गेले की जून २०२४ मधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्या उल्लेखावर श्रोते हसले. बापाच्या कष्टांवर हसू यावे, असे त्या कष्टांत काही नव्हते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. साम्याला काहीच मोल नाही काय? एकाच वर्गातून आलेल्या प्रतिनिधींना इतरांचे दुःख दिसत नाही, हा इतिहासाचा अनुभव आहे. १८९२ मध्ये केअर हार्डी हा माजी खाणकामगार साधा सूट आणि टोपी घालून हाउस ऑफ कॉमन्समध्ये आला, तेव्हा ते दृश्य अर्थपूर्ण होते. योगायोग असा की तो वेस्ट हॅमच्याच दक्षिण भागातून निवडून आला होता. पण हार्डीच्या टोपीला अर्थ आला तो तिच्याबरोबर बेकारांचा प्रश्न सभागृहात आला म्हणून. प्रतिनिधी आणि प्रतिरूप यांतील भेद येथे लक्षात घ्यावा. प्रतिरूपाला सारखे दिसावे लागते. प्रतिनिधीला उत्तर द्यावे लागते. पहिले दुसऱ्याला साहाय्यक होऊ शकेल, त्याची जागा घेऊ शकणार नाही.

स्टॅन्ले बॉल्डविन यांच्यात दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. लोखंडाच्या कारखान्याचे हे धनाढ्य मालक पुढे पाइप ओढणारे साधे खेडूत गृहस्थ म्हणून लोकांपुढे आले. ती प्रतिमा पुष्कळशी घडवलेली होती. मात्र जून १९१९ मध्ये, युद्धकर्जाखाली दबलेल्या देशातील धनिकांनी स्वेच्छेने वाटा उचलावा, असे पत्र ‘टाइम्स’मध्ये केवळ आद्याक्षरांनी छापून त्यांनी आपल्या मालमत्तेचा सुमारे पाचवा हिस्सा सरकारी रोखे विकत घेऊन रद्द करण्यासाठी दिला. अनुकरण फारसे कोणी केले नाही. पण या कृतीत ‘मी तुमच्यासारखा आहे’ असा दावा नाही. ‘माझ्यापाशी अधिक आहे, म्हणून माझे देणेही अधिक आहे’ अशी कबुली आहे.

आणखी एक उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे आहे. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना भेटायला डार्वेनला गेले. विदेशी कापडावरील बहिष्कार हे तेथील बेकारीचे एक कारण मानले जात होते. म्हणजे ज्यांच्या पोटावर पाय आल्याची तक्रार होती, त्यांच्यापुढेच ते उभे राहिले. त्यांचा पंचाही एक वेष होता, असे कोणी म्हणेल. परंतु तो त्या श्रोत्यांसारखा दिसण्यासाठी नव्हता. त्याने अंतर उलट वाढतच होते, आणि बकिंगहॅम राजवाड्यातही तो बदलला नाही. त्यांनी कामगारांच्या हलाखीविषयी सहानुभूती व्यक्त केली, भारतातील त्याहून मोठी उपासमार सांगितली आणि बहिष्कार सोडण्याचे आश्वासन दिले नाही. त्या कामगारांनी त्यांचे स्वागत केले, हे छायाचित्रांत आजही दिसते.

त्या स्वागताचा अर्थ काय लावावा? गांधीजी आपल्यापैकी एक आहेत, असे त्या स्त्री-पुरुषांना वाटले नसणार. आपल्याला कारण समजण्याजोगी माणसे मानून कोणी तरी कारण सांगायला आले, एवढे मात्र त्यांना कळले असावे. मताधिकार मिळवण्यासाठी ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या झगडा केला, त्यांना आपल्या प्रतिनिधीकडून मागण्याजोगे हेच होते. नेत्याच्या हातातला पेला बिअरचा की शँपेनचा, हे पाहत बसणाऱ्या मतदाराने आपला हा हक्क स्वतःच स्वस्तात विकलेला असतो.