लाटेचा कर्ता कोण?

कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे समुद्रात सुमारे १,८५० फूट शिरलेल्या काँक्रीटच्या धक्क्यालगत, उन्हाळ्यातील पहाटे, सर्फिंगसाठी आलेले तरुण फळी बगलेत धरून बराच वेळ नुसते पाण्याकडे पाहत उभे असतात. आणि मनुष्याच्या कर्तृत्वाची हद्द कोठवर, हा आपल्या तत्त्वचिंतनातील पुरातन प्रश्न त्यांच्या त्या निरीक्षणात मला मूर्तिमंत झालेला दिसतो.

ज्या लाटेची ते वाट पाहतात, ती त्या किनाऱ्याची नव्हेच. न्यूझीलंडच्या बाजूला दक्षिण महासागरात ऐन हिवाळ्यात वादळ उठते आणि त्याने दिलेली गती आठवड्याहून अधिक काळ पॅसिफिक ओलांडत येते. पाणी जागच्या जागी वर्तुळात फिरते, प्रवास घडतो तो शक्तीचा. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी १९६३ साली न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत ठाणी बसवून अशा लाटांचा माग काढला होता. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की लाट फुटते. ती कोठे फुटावी हे धक्क्याच्या खांबांभोवती साचणारे, उधाणासरशी जागा बदलणारे वाळूचे दांडे ठरवतात. पहाटेचे मतलई वारे तिचे अंग उभे धरतात. दुपारी खाऱ्या वाऱ्यांचा अंमल सुरू झाला की तेच अंग विस्कटते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. येथे वाळूचा दांडा, तो तरुण, त्याची फळी, हातांनी पाणी मागे सारण्याचे त्याचे श्रम आणि ते दूरचे वादळ, अशी पाचही एका क्षणी एकत्र येतात. दैव म्हणजे कोणाची लहर, हा समज येथे टिकत नाही. आपल्यासाठी म्हणून न घडलेली, परंतु नियमाने चालणारी दूरची घडामोड आपल्या दारी पोहोचते, तेच दैव. मात्र फळीवर पालथे पडून त्याने वेळेवर हात मारले नाहीत, तर तीच लाट त्याच्या पोटाखालून निघून जाते आणि वादळाचे सारे दान त्याच्यापुरते व्यर्थ ठरते.

तेव्हा केवळ स्वतःलाच कर्ता मानणारा अहंकार जितका अज्ञानमूलक, तितकाच दैवावर हवाला ठेवून हात आखडणारा आळस. यश लाभले त्याने कृतज्ञ असावे, आणि न लाभले त्याने आपल्या हिश्श्याच्या चेष्टेचा हिशेब चोख तपासावा. कर्तृत्वाच्या प्रश्नाचे याहून प्रामाणिक उत्तर मला दिसत नाही.