मनातले ओळखणारे यंत्र

माउली, दिंडीत चालताना शेजारच्याची पावले बघून आपण त्याच्या मनातले ओळखतो. कोणी रांग सोडून कडेच्या विहिरीकडे वळला, तर त्याला तहान लागली आहे. कोणी दगडावर टेकून वहाण काढली, तर पायाला फोड आला असणार. त्याने तोंड उघडण्याआधी आपण पाण्याचा तांब्या पुढे करतो.

हेच काम आता संगणकाला शिकवतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २००९ साली त्याचे एक गणित मांडले. पडद्यावर एक ठिपका चालतो. वाटेत भिंत असते, आणि जाण्याजोगी दोन-तीन ठिकाणे. ठिपक्याला कुठे जायचे आहे, ते त्याच्या वाटेवरून ओळखायचे. पाया साधा आहे : ज्याला जिथे जायचे, तिथे तो शक्यतो कमी कष्टाने जातो. मग एकेक ठिकाण धरून विचारायचे, तिथे जायचे असते तर हा असाच चालला असता का? भिंतीला खिंडार असूनही तो वळसा घालून गेला, तर त्याला दुसरेच काही हवे असावे. माणसांना तेच चित्र दाखवले, तेव्हा त्यांचे अंदाज आणि गणिताचे अंदाज बरेचसे जुळले.

हे वाचून मला हसू आले. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. एसटीने दिवसाच्या आत पोचता येते, आणि आपण ऊन-पाऊस झेलत अडीच-तीन आठवडे चालतो. ते गणित म्हणेल, या लोकांना पंढरपूरला जायचेच नसावे! संशोधकांवर अन्याय नको. चालणे हाही हेतू असू शकतो, असे आधी सांगून ठेवले तर गणिताला तेही कळेल. पण सांगून ठेवावे लागेल. मांडणाऱ्याला जो हेतू सुचला नाही, तो यंत्राला दिसत नाही.

इथवर गंमत. पुढे नाही.

अमेरिकेतल्या काही न्यायालयांत ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली वापरतात. आरोपीबद्दल शंभराहून अधिक प्रश्न. आधी किती वेळा अटक झाली, आईबापांपैकी कोणी तुरुंगात होते का, मित्र कसे आहेत. त्यावरून एक ते दहा असा आकडा निघतो : हा पुन्हा गुन्हा करील याची भीती किती. इथे त्याची पावले कोणी पाहत नाही. त्याच्यासारखे दिसणारे इतर पुढे कसे वागले, त्यावरून त्याचा उद्या ठरतो. पिंजऱ्यात उभा एकटा, तराजूत मात्र सगळा जमाव.

आकडा कसा निघतो, हे कंपनीने व्यापारी गुपित म्हणून उघड केले नाही. तरी २०१६ साली विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर चालू दिला. एक अट अशी, की शिक्षा केवळ त्यावर ठरू नये. त्याच वर्षी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या एका परगण्यातील सात हजारांहून अधिक जणांच्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांत ज्यांनी पुन्हा गुन्हा केलाच नाही, त्यांच्यातील काळ्या लोकांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना यंत्राने धोक्याचे ठरवले होते. गोऱ्यांपैकी सुमारे २३ टक्क्यांना. कंपनीला ही मांडणी मान्य झाली नाही.

आता कोणी म्हणेल, यंत्र नसते तरी न्यायाधीश अंदाजच करतो ना? करतो. आणि वाल्या कोळ्याचा दाखला द्यायला कीर्तनकार आहेत, मी माझाच देतो.

आमच्या दिंडीत एकजण होता. पूर्वी फार प्यायचा. माळ घालून तीन वर्षे झाली होती. खर्चाची वही आणि पैशांची पिशवी सांभाळणारे आजोबा थकले, तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, “माउली, यंदा हिशेब मी बघू का?” मी असे सुटलेले आणि पुन्हा घसरलेले चार जण पाहिले होते. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी बघू.” त्याने मान हलवली, टाळ उचलले आणि रांगेत जाऊन उभा राहिला. वारी पुरी केली.

पुढच्या वर्षी तो आला नाही. दुसऱ्या दिंडीत गेला की पुन्हा पिऊ लागला, मी विचारले नाही. पिऊ लागला असे कळले असते, तर माझा अंदाज खरा ठरला की मीच तो खरा केला, हे मला ठरवावे लागले असते.