पेटी उघडण्यापूर्वी

बिघडलेली वस्तू पुढ्यात आली, की ती उघडून पाहण्याचा मोह माणसाला आवरत नाही. उघडल्याने काहीतरी केल्याचे समाधान तरी लाभते. जो नुसता कान लावून बसतो त्याला ते लाभत नाही, आणि पाहणारे त्याला आळशी म्हणतात ते वेगळेच. परंतु उघडणे ही कृती नेहमीच निरुपद्रवी असते काय? आणि न समजता उघडूनही वस्तू जर अखेर दुरुस्त झाली, तर उघडणाऱ्याचे काही चुकले असे म्हणता येईल काय? हा प्रश्न मी नीतिशास्त्राच्या ग्रंथातून उचललेला नाही. तो रस्त्याच्या कडेला, तेलाने काळवंडलेल्या जमिनीवर रोज पडलेला असतो.

विक्रोळी आणि भांडुप यांच्यामधले कांजूरमार्ग हे स्टेशन. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, जो जुन्या माणसांच्या तोंडी आग्रा रोड होता. पूर्वेला द्रुतगती महामार्ग. आणि जोगेश्वरीहून पवईमार्गे येणारा जोडरस्ता गांधीनगरच्या नाक्यावर शास्त्री मार्गाला छेदून पुढे जातो. अशा ठिकाणी जुन्या मालवाहू गाड्यांचे हाल सुरू होतात. हौद्यात लाद्या किंवा भाजीच्या पाट्या भरलेल्या, सिग्नलला दर दोन मिनिटांनी थांबायचे आणि पुन्हा उचलायचे. एखाद्या दिवशी दुसरा गिअर टाकताना करकर आवाज येतो. चालक दचकतो, मालक हिशेब करू लागतो, आणि गॅरेजातला मेस्त्री दुरूनच ऐकून सांगतो, “बॉक्स गेला. उतरवावा लागेल.”

हे वाक्य खरे असेल किंवा खोटे असेल. पण त्या क्षणी ते ज्ञान नसते, एवढे मात्र निश्चित.

पहिली गोष्ट अशी, की गाडीत कोणती पेटी बसली आहे हेच पुष्कळदा ठाऊक नसते. जुन्या गाडीचे नाव बॉनेटवर असते, पण पोटात काय आहे ते बॉनेट सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला टी-८४ नावाची तीन गतींची पेटी होती. युद्धानंतरच्या नागरी जीपला टी-९० आली. पुढे आपल्याकडे महिंद्रांनी विलीजच्या परवान्यावर जीपा बनवल्या, आणि त्याच सांगाड्यावर हौदे चढवून किती तरी गाड्या माल वाहू लागल्या. १९८६ साली टाटांची ४०७ आली. एवढ्या वर्षांत एकीचे इंजिन दुसरीला आणि दुसरीची पेटी तिसरीला, असे भंगारबाजारातून किती संसार जुळले याची गणती नाही. म्हणून जाणता कारागीर आधी ओतीव कवचावरचा आकडा खरवडून वाचतो, झाकणाचा आकार पाहतो, त्यावरचे बोल्ट मोजतो.

आकडा झिजला असेल तर आणखी एक उपाय आहे, आणि तो मला फार आवडतो. मागची दोन्ही चाके उचलायची, पुढच्या चाकांची जोड सोडवायची, पहिला गिअर टाकायचा, आणि इंजिन हँडलने हळूहळू फिरवीत प्रॉपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. टी-८४ मध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.६७ आहे, टी-९० मध्ये सुमारे २.८०. एका फेऱ्यात हा फरक डोळ्याला कळणार नाही. पण शाफ्टचे पुरे दहा फेरे होऊ दिले, तर एकीकडे हँडलचे पावणेसत्तावीसच्या आसपास फेरे होतात, दुसरीकडे अठ्ठावीस. पेटी बंदच राहते आणि आपले नाव सांगते. त्यासाठी फक्त दहा फेरे मोजण्याइतका धीर हवा.

नावाचा एवढा आग्रह कशासाठी? कारण एका पेटीचा जो दोष, तो दुसऱ्या पेटीचा स्वभाव असू शकतो. टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी चालत असताना तो सरळ टाकू गेल्यास तो करकरणारच. ती त्याची जात आहे. हे ज्याला ठाऊक नाही, तो निरोगी पेटीला रोगी ठरवील आणि तिच्यावर इलाज करील. आधी ओळख, मग आरोप. हा क्रम उलटला की न्याय संपतो.

ओळख पटल्यावर आवाजाचा विचार करावयाचा. येथे आपल्या जुन्या नैयायिकांची आठवण होते. एखादी खूण एकाच कारणाशी बांधलेली नसून अनेकांबरोबर आढळत असेल, तर तिच्यावरून अनुमान करता येत नाही, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. गिअरची करकर ही अशीच व्यभिचारी खूण आहे. सिंक्रोनायझरची कडी झिजली तरी ती येते, आणि क्लच पुरता सुटत नसला तरीही येते. मग निवाडा कसा करावा? अन्वय-व्यतिरेकाने; म्हणजे एक गोष्ट बदलावी आणि दुसरी बदलते का ते पाहावे. इंजिन चालू, गाडी उभी. क्लच पूर्ण दाबून मनात पाच अंक मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. या जुन्या पेट्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो. एवढे थांबूनही तो करकरला, तर इंजिनाचा फेरा अजून पेटीपर्यंत पोचतो आहे. म्हणजे संशय क्लचवर. रिव्हर्स मुकाट्याने लागला आणि दुसरा मात्र दर वेळी भांडत असेल, तर संशय सिंक्रोनायझरवर.

घरघरीचेही तसेच. न्यूट्रलमध्ये पाय क्लचवर नसताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर ती पेटीतल्या बेअरिंगची असण्याचा संभव मोठा. कारण क्लच दाबला की पेटी इंजिनापासून तुटते आणि आतले शाफ्ट थांबतात. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर बहुधा तो रिलीज बेअरिंगचा. ते बदलण्यासाठीही पेटी उतरवावी लागते, पण उघडावी लागत नाही. उतरवणे वेगळे आणि उघडणे वेगळे, हा भेद मालकाच्या खिशाला चांगलाच कळतो. सर्व गिअरमध्ये आवाज आणि टॉपमध्ये शांतता, असे असेल तर काउंटर शाफ्टकडे पाहावे. कारण या पेट्यांत टॉपला जोर थेट जातो, काउंटर शाफ्टवर भार येत नाही. अखेर तेल. चिमटीत पितळी चमक आली तर ती सिंक्रोनायझरच्या कड्यांची नेहमीची झीज. पोलादाचे तुकडे आले तर मात्र काळजी. आणि तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाड्या बुडाल्या, तेव्हा पेट्यांच्या श्वासनळीतून पाणी आत जाणे काही अवघड नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, मेस्त्रीने यातले काहीच केले नाही. दोष क्लचच्या पॅडलचा होता. जोडणी जरा आवळली असती तर काम भागले असते. त्याने पेटी उतरवली, उघडली, कड्या बदलल्या, बेअरिंगे बदलली, आणि पुन्हा चढवली. चढवताना रिवाजाप्रमाणे क्लचची जोडणीही नीट लावली. गाडी सुरू झाली. दुसरा गिअर लोण्यासारखा लागला. मालक पैसे मोजून आभार मानून गेला. मेस्त्रीची खात्री झाली, की आपले निदान अचूक होते.

येथे सारी गोम आहे. चुकीच्या निदानाने स्वतःलाच खरे ठरवून घेतले! मालकाला फसवणूक कळणार नाही, कारण गाडी चालते आहे. मेस्त्रीला चूक कळणार नाही, कारण गाडी चालते आहे. तो उद्या हेच दुसऱ्याला अधिक आत्मविश्वासाने सांगेल. त्याला लबाड म्हणता येत नाही. लबाडाला निदान सत्य ठाऊक असते. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष माहीत आणि घेणाऱ्याला नाहीत, यातून साऱ्या बाजाराचीच पत कशी खालावते हे त्याने दाखवले; २००१ साली त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पण आपला प्रसंग त्याहून अवघड आहे. येथे दोघांनाही माहीत नाही, आणि त्या अज्ञानाचे भाडे मात्र एकटाच भरतो.

शाळामास्तरांनी हे वाचून फार हसू नये. फळ्यावरचे उतरवून घेताना एक मुलगा सारख्या चुका करतो. मास्तर त्याला बेपर्वा ठरवतात आणि शिक्षा म्हणून पहिल्या बाकावर आणून बसवतात. आठवड्यात मुलगा सुधारतो. मास्तर म्हणतात, शिक्षेने गुण आला. त्याला मागून फळाच दिसत नव्हता, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आणि बेपर्वा हे नाव मात्र त्याच्या कपाळी कायम राहते.

म्हणून निकाल बरोबर आला एवढ्यावरून रीत निर्दोष ठरत नाही. जेथे निकाल चूक झाकू शकतो, तेथे सचोटी निकालाच्या आधीच वसली पाहिजे, म्हणजे तपासण्याच्या क्रमात. जी परीक्षा फुकट आहे आणि जिने काही मोडत नाही ती आधी. जी खर्चाची आणि मागे न फिरवता येणारी ती शेवटी. हा क्रम केवळ कारागिरीचा नाही. दुसऱ्याचे धन, दुसऱ्याचा दिवस आणि दुसऱ्याचे नाव आपल्या हाती आले, की तो धर्माचा होतो. आयुर्वेदात माधवकराचा ‘माधवनिदान’ हा ग्रंथ केवळ रोग ओळखण्याला वाहिलेला आहे. त्यात उपचार नाहीत. नुसते ओळखणे हेच एका ग्रंथाचे काम आहे, असे मानणारा तो काळ होता.

कुणी म्हणेल, हा उपदेश मेस्त्रीलाच का? त्याच्या दारात चार गाड्या उभ्या असतात, आणि कान लावून बसण्याचे पैसे त्याला कोण देतो? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. उतरवलेल्या पेटीची मजुरी आपण बिनतक्रार देतो. पण “पॅडल आवळले, झाले” असे सांगून त्याने शंभर रुपये मागितले, तर आपण डोळे वटारतो. म्हणजे न उघडण्याची शिक्षा आपणच त्याला देतो. डॉक्टरला नाडी पाहण्याची फी आहे. मेस्त्रीला ऐकण्याची नाही. ती दिल्यावाचून प्रामाणिक निदानाची अपेक्षा करण्याचा अधिकार गाडीवाल्याला उरत नाही.

पेटी कधी उघडूच नये, असे माझे म्हणणे नाही. सारे तपासून झाल्यावरही शंका उरते, आणि पाना हातात घ्यावाच लागतो. तेव्हा मेस्त्रीने मालकाला एवढेच सांगावे, “हे हे पाहिले, एवढे कळले, बाकीचे उघडल्यावर कळेल. उघडू का?” या शेवटच्या दोन शब्दांत मालकाचा मान आहे, आणि त्याच्या पैशाचाही. ते विचारायला वेळ लागत नाही. फक्त आपल्याला अजून सगळे कळलेले नाही, हे चारचौघांत बोलावे लागते.