खपून गेलेला हेर

स्वित्झर्लंडमधला एक बर्फाळ डोंगरमाथा. खलनायक ब्लोफेल्ड आणि जेम्स बाँड समोरासमोर बसले आहेत. बाँडने चष्मा चढवलाय आणि आपण सर हिलरी ब्रे, लंडनचे वंशावळतज्ज्ञ, असं सांगून तो आत शिरलाय. ब्लोफेल्डला संशय येत नाही. हा १९६९चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’. दोनच वर्षांपूर्वी ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये याच ब्लोफेल्डने जपानी ज्वालामुखीच्या पोटात याच बाँडला स्वतःची ओळख करून दिली होती. आता नुसत्या चष्म्याने काम भागलं. गंमत पुढेच आहे. ब्लोफेल्ड शेवटी त्याला पकडतो ते कशावरून? तर ब्लोफेल्डच्या तथाकथित पूर्वजांची थडगी आहेत दुसऱ्याच चर्चमध्ये आणि बाँड म्हणतो आउग्सबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये, एवढ्या चुकीवरून. जानी दुश्मनाचं तोंड लक्षात नाही, पण थडग्यांचा पत्ता चोख पाठ.

कारण साधं आहे. इयन फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत हा क्रम उलटा होता. स्वित्झर्लंडची कादंबरी १९६३ची, जपानची १९६४ची. पुस्तकात ही दोघांची पहिलीच समोरासमोर भेट, तेव्हा ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. निर्मात्यांनी चित्रपट आधी जपानचा केला, आणि मग स्वित्झर्लंडचा करताना दिग्दर्शक पीटर हंट पुस्तकाशी प्रामाणिक राहिला. पुस्तकाशी इमान राखलं, आधीच्या चित्रपटाशी बेइमानी झाली. त्यात ब्लोफेल्ड डोनाल्ड प्लेझन्सचा टेली सव्हालास झाला होता आणि बाँड शॉन कॉनरीचा जॉर्ज लेझनबी. म्हणजे खरं सांगायचं तर त्या दोघांनी एकमेकांना याआधी पाहिलंच नव्हतं!

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. १९६९च्या प्रेक्षकाला हे सलत होतं का? त्याला सलत होता लेझनबी. कॉनरी कुठाय, ही तक्रार होती. चित्रपटालाही ते ठाऊक होतं, म्हणून सुरुवातीच्याच प्रसंगात नवा बाँड ‘त्या दुसऱ्या’ गड्यावर एक टोमणा मारून मोकळा होतो. ब्लोफेल्डची विस्मृती मात्र खपून गेली.

‘खपणे’ हे मराठीत मोठं सोयीचं क्रियापद आहे. माल खपतो, शेतात माणूस खपतो, थाप खपते, आणि ‘खपला बिचारा’ म्हटलं की तो गेलाच. साठ वर्षांच्या बाँडपटांकडे पाहताना मला या शब्दाचे सगळे अर्थ उपयोगी पडतात. आज ज्याला सर्रास ‘प्लॉट होल’ म्हणतात, ते कथेतलं भोक, ते पटकथेत असतंच. पण ते दिसायला कुणीतरी तिथे बोट घालावं लागतं. आणि कुठल्या काळात कुठे बोट घातलं जातं, ते त्या त्या काळाला काय खपत नाही यावर ठरतं.

हिचकॉकचं या बाबतीत एक हिशेबी मत होतं. प्रेक्षक सिनेमा पाहून घरी गेला, रात्री काही खायला म्हणून फ्रीज उघडला, आणि तेव्हा त्याला ‘अरे, पण हे कसं?’ असं वाटलं, तर चालेल. तोवर तिकिटाचे पैसे वसूल झालेले असतात. १९६२मध्ये ‘डॉ. नो’ आला तेव्हा सगळा धंदा या फ्रीजच्या भरवशावर चालत होता. चित्रपट थेटरात पाहायचा, फार तर पुढे मॅटिनीला पुन्हा लागला तर पुन्हा पाहायचा. थांबवता येत नव्हता, मागे नेता येत नव्हता. सुरुवातीच्या बाँडपटांचा संकलक हाच पीटर हंट. त्याची कात्री इतकी भरभर चाले की शंकेला दोन चित्रांच्या मधे बसायला जागाच राहू नये.

पण तेव्हाचे लेखक आळशी होते असं कुणी म्हणू नये. ‘गोल्डफिंगर’ची गोष्ट पाहा. १९५९च्या कादंबरीत खलनायक फोर्ट नॉक्सचं सोनं चोरून नेणार असतो. एवढं सोनं उचलणार कसं? चित्रपटवाल्यांना हे भोक दिसलं आणि त्यांनी ते बुजवलं नाही, त्याचाच प्रसंग केला. १९६४च्या चित्रपटात कैदेतला बाँड गोल्डफिंगरला तोंडावर हिशेब ऐकवतो: १५ अब्ज डॉलरचं सोनं म्हणजे १०,५०० टन, ६० माणसांना ते २०० ट्रकांत भरायला १२ दिवस लागतील. आणि मग कळतं, की हा सोनं नेणारच नाही. तिथे अणुबाँब फोडून ते किरणोत्सर्गी करून ठेवणार, म्हणजे याच्याकडच्या सोन्याचा भाव चढेल. वा! गळका हंडा उलटा करून त्याचाच ताशा वाजवावा, तसं हे काम आहे.

याच चित्रपटात गोल्डफिंगर अमेरिकी गुंडांना भलंमोठं मॉडेल उघडून सगळी योजना समजावतो आणि लगेच विषारी वायूने बहुतेक सगळ्यांना मारून टाकतो. मारायचंच होतं तर समजावलं कशाला? अर्थात आपल्यासाठी. आपण तेव्हा केन ॲडमच्या नेपथ्याकडे पाहत असतो. फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत त्याला पाऊल टाकू देणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने मनानेच एक तिजोरी रचली: चकचकीत गजांमागे छतापर्यंत सोन्याच्या विटा. इतकं जड सोनं असं उंच कुणी रचत नाही. पण सोन्याची तिजोरी आपल्या मनात जशी असते, तशी ती हुबेहूब होती.

आता याच ‘गोल्डफिंगर’मधलं दुसरं भोक, जे १९६४मध्ये भोक नव्हतंच. गोल्डफिंगरचा डाव फसतो, कारण त्याची वैमानिक पुसी गॅलोर ऐनवेळी फितूर होते आणि विमानांतला वायू बदलते. ती फितूर का होते? तबेल्यात बाँड तिच्यावर जबरदस्ती करतो, ती आधी झटापट करते, मग विरघळते, आणि त्यानंतर पडद्याआड केव्हातरी तिचं मन पालटतं. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे कारण पुरेसं वाटलं. कारण म्हणजे बाँड. त्याच्या मिठीत बाई आली की बाजू बदलणार, हा त्या जगातला भौतिकीचा नियम होता. आज तो नियमच कुणी मानत नाही. मग उरतं काय? एक बाई, तिच्यावर झालेली बळजबरी, आणि त्याच्या बक्षिसादाखल तिने वाचवलेली अमेरिकेची तिजोरी. पटकथेतला एक शब्दही बदललेला नाही, तरी तेव्हाचं कारण आजचं सर्वांत मोठं भोक झालं. ब्लोफेल्डचा चष्मा मी हसून सोडून देतो. हे नाही सोडवत. अभिरुची बदलते म्हणजे नुसते कपडे आणि गाणी बदलत नाहीत. कशामुळे काय होतं, याबद्दलची समजूत बदलते.

‘ऑक्टोपसी’ मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात. १९८३चा चित्रपट. एका क्षणी बाँडचं हेलिकॉप्टर ताजमहालाजवळून जातं आणि पुढच्याच क्षणी आपण उदयपूरच्या तळ्यावर. मधलं ५०० किलोमीटरहून जास्त अंतर कुणी गिळलं कोण जाणे. घाटावर टेनिसपटू विजय अमृतराज गारुडी होऊन बसलेला, आणि ओळख पटावी म्हणून तो बीनवर वाजवतो ती धून चक्क जेम्स बाँडच्या चित्रपटाची! ही धून त्याने कुठे ऐकली? बाँडच्या जगात बाँडचे सिनेमे लागतात काय? पुढे रिक्षांचा पाठलाग सुरू झाला, अमृतराजने टेनिसची रॅकेट काढून गुंडांना हाणायला सुरुवात केली, आणि बघ्यांच्या माना विंबल्डनला फिराव्यात तशा डावी-उजवीकडे फिरू लागल्या, तेव्हा थेटर खदखदून हसलं. मीही हसलो. त्याच चित्रपटात बाँड जुगारात जिंकलेल्या नोटा आपल्या हिंदुस्थानी सहकाऱ्याच्या हातात ठेवून ‘करी’वरून विनोद करतो, तेही तेव्हा खपलं. निदान माझ्याकडून खपलं. कबीर बेदी पडद्यावर एवढा ऐटीत उभा असताना रागवायचं सुचलंच नाही.

पुढे व्हिडिओ कॅसेट आली आणि हिचकॉकचा फ्रीज दिवाणखान्यातच आला. आता चित्रपट थांबवता येऊ लागला. ‘ऑक्टोपसी’त गोरिलाच्या वेषात लपलेला बाँड नुसत्या डोळ्यांच्या हालचालीपुरत्या वेळात तो अख्खा वेष उतरवून गेला कसा, हे मोजता येऊ लागलं. मात्र पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याची स्मृतीही स्वतःचं शिवणकाम करत असते. १९७९च्या ‘मूनरेकर’मध्ये पोलादी दातांचा राक्षस जॉज आणि चष्मेवाली डॉली यांचं जमतं. डॉलीच्या दातांना तारा होत्या, म्हणून तर जमलं, असं असंख्य लोक शपथेवर सांगतात. तारा नव्हत्या. प्रसंगात एक कारण कमी पडत होतं, ते प्रेक्षकांनी पदरचं घातलं. काही भोकं लेखकापेक्षा आपणच बरी बुजवतो.

खरा धक्का शत्रूने दिला नाही, विदूषकाने दिला. १९९७च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’मध्ये खलनायकाचा मुलगाच बापाला विचारतो, की नायकाला सरळ गोळी का घालत नाही? पस्तीस वर्षं जे भोक सगळ्यांनी मिळून झाकलं होतं, त्यावर पोराने बोट ठेवलं. त्यानंतर खलनायकाने सावकाश भाषण करायला तोंड उघडलं की लोक हसायला तयार. २००२मध्ये ‘डाय अनदर डे’ आला, त्यात अदृश्य होणारी मोटार होती. त्याच वर्षी ‘द बोर्न आयडेंटिटी’ येऊन गेला होता. त्यातला हेर दमायचा, घाबरायचा, नकाशे पाहायचा. खरं म्हणजे अदृश्य मोटार ही ज्वालामुखीतल्या रॉकेटतळापेक्षा जास्त अशक्य नाही. पण ज्वालामुखी खपला होता आणि मोटार खपली नाही.

मग २००६चा ‘कसिनो रोयाल’. डॅनियल क्रेग, आणि सगळं पहिल्यापासून. बाँडला नुकताच मारण्याचा परवाना मिळालाय. आधीच्या चार दशकांत घडलेलं काही घडलेलंच नाही. फक्त त्याची वरिष्ठ एम तीच, ज्युडी डेंच, जी १९९५पासून आधीच्या बाँडला झापत होती. पोकरच्या शेवटच्या डावात चौघांचे पत्ते उघडतात: एकाचा फ्लश, दुसऱ्याचं फुल हाउस, तिसऱ्याचं त्याहून मोठं फुल हाउस, आणि बाँडचा स्ट्रेट फ्लश. दिवाळीत तीन पत्ती खेळणारा माणूसही हे पाहून पत्ते कुणी पिसले ते विचारील. पण कुणी विचारलं नाही, कारण बाँडच्या अंगातून रक्त येत होतं. दुखणं खरं वाटलं की पत्ते खोटे चालतात.

आपल्याकडच्या कथेकरीबुवांना हा ‘पहिल्यापासून’चा प्रश्न जुना आहे. शिवपुराणात गणपतीचं मस्तक शंकर उडवतो, ब्रह्मवैवर्तात ते शनीच्या दृष्टीने जातं. मग खरं कुठलं? बुवा शांतपणे सांगतात, दोन्ही खरी. ती त्या कल्पातली गोष्ट, ही या कल्पातली. कल्पभेद. बाँडचे चाहते ‘जेम्स बाँड हे एका माणसाचं नाव नसून सांकेतिक नाव आहे, माणसं बदलत राहतात’ असा एक सिद्धान्त मांडतात. तो टिकत नाही. १९६९मध्ये लेझनबीच्या बाँडची बायको मारली जाते आणि १९८१मध्ये रॉजर मूरचा बाँड तिच्याच थडग्यावर फुलं घेऊन जातो. त्यापेक्षा कल्पभेद बरा. त्यात कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही.

निर्मात्यांना मात्र कल्पभेदावर समाधान नव्हतं. २०१२च्या ‘स्कायफॉल’पर्यंत थोडी मोकळीक होती, तिथे ‘गोल्डफिंगर’मधली ॲस्टन मार्टिन आपल्या मशीनगनांसकट गोदामातून निघते. ती या नव्या बाँडकडे आली कुठून? थेटरात टाळ्या पडत असताना हे विचारणारा माणूस सोबतीला नको. पण २०१५च्या ‘स्पेक्टर’ने ठरवलं, की आता सगळं सगळ्याला जोडायचं. क्रेगच्या आधीच्या तिन्ही चित्रपटांतल्या संकटांमागे एकच सूत्रधार, तो ब्लोफेल्ड, आणि हा ब्लोफेल्ड म्हणजे बाँड पोरका झाल्यावर ज्यांनी त्याला सांभाळलं त्या ओबरहाउझरांचा मुलगा. म्हणजे जगावर राज्य करायला निघालेली संघटना, आणि तिच्या मुळाशी काय, तर बाबा माझ्यापेक्षा त्याचे लाड जास्त करायचे! (आपल्या सेन्सॉर बोर्डाला यात खटकली ती चुंबनांची लांबी. ती निम्मी केली गेली.) १९६९मधलं ब्लोफेल्डचं न ओळखणं हे छोटं भोक होतं. २०१५मधलं हे ओळखणं ठिगळ आहे, आणि ते सदऱ्यापेक्षा मोठं आहे.

रफू करत गेलं की एक गोष्ट आपोआप घडते. ज्याला सलग भूतकाळ मिळतो, त्याला वय मिळतं. जुन्या बाँडला वय नव्हतं. ‘अ व्ह्यू टू अ किल’च्या वेळी रॉजर मूर ५७ वर्षांचे होते, बाँडचं वय कुणी काढलं नाही, पुढच्याच चित्रपटात टिमोथी डाल्टन आला आणि घड्याळ पुन्हा मागे गेलं. जवळजवळ प्रत्येक चित्रपट आधीचा विसरत असे, आणि त्या विसरण्यावर तो जगत होता. क्रेगच्या बाँडला काही विसरायची मुभा नव्हती. त्याचं पहिलं प्रेम, त्याची मेलेली वरिष्ठ, त्याचे आईबाप, मानलेला भाऊ, शेवटी मुलगी. एवढा जमाखर्च मांडल्यावर तो कधीतरी बंद करावाच लागतो. २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये एका बेटावर क्षेपणास्त्रं कोसळतात आणि बाँड खरोखर खपतो.

मी हा चित्रपट भाचीबरोबर पाहिला. तिच्या पिढीला सिनेमा मधे थांबवून तपासायची सवय. थेटरात तिचे हात शिवशिवत होते. खलनायक सेफिन हा बाँडची प्रेयसी मादलेन लहान असताना मोठा पुरुष असतो, आणि ती मोठी झाल्यावर तिच्याच वयाचा दिसतो, हे तिने मध्यंतरालाच सांगून टाकलं होतं. बाँड गेला तेव्हा मात्र ती रडली. मग नामावली सरकत सरकत संपली आणि पडद्यावर नेहमीची ओळ आली, की जेम्स बाँड परत येईल.

“मामा, म्हणजे कसं? आत्ता तर गेला ना?”

“कल्पभेद,” मी म्हटलं.

जिना उतरेपर्यंत मी तिला शंकर, शनी आणि गणपती समजावत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, गाडीचा पट्टा लावला, आणि म्हणाली, “ते ठीक आहे. पण मग सेफिन म्हातारा का नाही झाला?”