पिठाचा कोंबडा

२०२२च्या सप्टेंबरची सुरुवात. दशलक्षण पर्व चालू होतं. पूजा आटोपून मंदिराबाहेर आलो, तर बायकांच्या तोंडी एकच विषय. भोपाळमध्ये रात्री एका चौकीदाराचा खून झाला होता. त्याआधी सागरमध्ये तिघे चौकीदार असेच रात्री मारले गेले होते. पोलिसांनी पकडलेला मुलगा अजून विशीतही पोचला नव्हता. त्याला प्रसिद्ध व्हायचं होतं आणि 'केजीएफ' सिनेमाचा त्याच्यावर प्रभाव होता, असं पोलिसांनी सांगितलं.

घरी नातू म्हणाला, "आजी, आता तू म्हणशील सिनेमे बंद करा. इतक्या लोकांनी पाहिला तो. सगळे काय खुनी झाले?"

त्याचं बरोबर होतं. सिनेमा पाहून कुणी खुनी होतो, असं मीही मानत नाही. माझा प्रश्न आपल्याबद्दलचा होता. पडद्यावरच्या खुन्यावर भाळून आपण घरी येतो, निवांत जेवतो. त्या भाळण्याचं काय?

आधी स्वतःलाच विचारलं. १९८६ साली राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' आला होता, पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांवरचा. जक्कलवर बेतलेली भूमिका नाना पाटेकरची. भीतीनं माझे हात गार पडले होते, पण खोटं कशाला बोलू, त्याच्यावरून नजर हटत नव्हती. मित्रांना बोटावर नाचवणारा, कशालाच न भिणारा तो! आजही जक्कलचं नाव पटकन ओठावर येतं. आणि मेलं कोण? १ डिसेंबर १९७६च्या रात्री अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण मारले गेले. काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृत व्याकरणाचे मोठे जाणकार, त्यांनी व्याकरणाचा कोश रचला होता, हे मला फार उशिरा कळलं. घरकाम करणारी बाईही त्या रात्री मेली. तिचं नाव काय, असा प्रश्नसुद्धा मला इतकी वर्षं पडला नव्हता.

आपल्याकडे हिंसा तीन परींची सांगितली आहे. स्वतः केली ती कृत, दुसऱ्याकडून करवली ती कारित, आणि दुसऱ्यानं केलेली पाहून मनानं होकार दिला ती अनुमोदित. "पण सिनेमात खरं कुणी मरतच नाही ना!" नातू म्हणाला.

तेव्हा मी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. आई म्हणाली, अरिष्ट टळायला बळी दे. त्यानं जीव मारायला नकार दिला. शेवटी आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बोकड अशा जन्मांतून फिरावं लागलं. कोंबडा पिठाचा होता, मारण्याचा भाव खरा होता.

"म्हणजे सिनेमा पाहणं पाप?"

मी थांबले. कारण ही कथासुद्धा हिंसेचीच आहे, आणि ती आपण लेकरांना सांगतो. मग फरक कुठे? ही कथा मारणाऱ्यालाच बळीच्या कातडीत घालते. सुरी गळ्यावर आली की काय वाटतं, ते त्याला आणि ऐकणाऱ्यालाही भोगायला लावते. खुनी दाखवला म्हणून काही बिघडत नाही. सिनेमा संपल्यावर आपलं मन कुणाजवळ उभं आहे, हे ज्यानं त्यानं पाहावं.

त्यामुळे मी नातवाला सिनेमाला जायची बंदी केली नाही. परत आला की एवढंच विचारते, "मेलं कोण? त्याच्या घरी कोण कोण होतं?" पहिल्यांदा तो वैतागला. हल्ली कधी कधी सांगतो, कधी गप्प बसतो.

एकदा त्यानं उलट मलाच विचारलं, "आजी, सागरच्या त्या तीन चौकीदारांची नावं सांग बरं." मला एकही आठवलं नाही. पकडलेल्या मुलाचं मात्र गावासकट आठवत होतं.

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, तेव्हा आधी हेच आठवलं.